त्या खरखरीत काय ऐकता?

"काका, अ‍ॅपवर सगळी आकाशवाणी फुकट ऐकायला मिळते, तीही स्वच्छ. मग त्या खरखरीत काय ऐकता?" महिन्यातून एकदोनदा तरी हे कुणीतरी विचारतंच. पुतण्या विचारतो, शेजारचे विचारतात, एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या पोरानेही विचारलं. मी बहुतेक वेळा "सवय रे" म्हणून मोकळा होतो, कारण खरं उत्तर द्यायला बसलं की चहा निवतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगूनच टाकतो.

आधी कबूल करतो, गाणी ऐकायची असली की मीसुद्धा मोबाईलच लावतो. रेडिओवरचा मिडियम वेव्हचा तो जुना खरखरता पट्टा लावतो तो कोण कुठून येऊन पोचलंय ते बघायला. मोबाईलवर रत्नागिरी आणि कोलकाता दोन्ही सारखीच जवळ. रेडिओवर मात्र रत्नागिरी दिवसभर असते आणि कोलकाता सूर्य बुडेपर्यंत नसतं. का नसतं आणि मग कुठून येतं, या नादात माझी चाळीसेक वर्षं गेली.

आमचं घर देवगडच्या बाजूला, समुद्राला लागून. वडिलांचा कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर होता. त्याचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे, आणि तिकिटं चिकटवलेलं ते पुस्तक वडील रेशनकार्डासोबत पेटीत ठेवत. भर दुपारी मुंबई, १०४४ किलोहर्ट्झ, शेजारच्या वाडीतून कुणी बोलावं तशी लागायची. मला वाटे, मुंबईचं स्टेशनच दांडगं. पुढे कॉलेजसाठी कोल्हापूरला गेलो तेव्हा तोच ट्रान्झिस्टर वडिलांनी बरोबर दिला. खोलीवर पहिल्याच दुपारी काटा १०४४ वर नेला तर नुसती फरफर. कान चिकटवला की तळाशी कुणीतरी बोलतंय असा भास होई, एवढंच. सेट प्रवासात आपटला असणार म्हणून मी तो दुकानात नेला, आणि दुकानदाराने काही न करता पाच रुपये घेतले.

नंतर नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. आकाशवाणीचे मुंबईचे मनोरे मालाडला, मालवणी भागात. तिथून देवगड साधारण ३१० किलोमीटर, आणि कोल्हापूरही जवळजवळ तेवढंच. म्हणजे अंतराचा दोष नव्हता. दोष होता वाटेचा. दिवसा मिडियम वेव्हची लहर भुईला धरून चालते, आणि खालची भुई जशी असेल तशी ती दमते. खारं पाणी विजेला वाट देतं, म्हणून समुद्रावरून आणि किनाऱ्याला घासत येणारी मुंबई देवगडला ताजीतवानी पोचते. सह्याद्रीचा कोरडा काळा कातळ ओलांडून कोल्हापूरला जायचं तर तिचा जीव वाटेतच जातो. त्यातही स्टेशनचा किलोहर्ट्झचा आकडा जितका मोठा तितकी लहर लवकर थकते. म्हणून ५५८ वरची मुंबईची दुसरी वाहिनी कातळावरूनही १०४४ पेक्षा लांब तग धरते.

लोक मला नेहमी रात्रीचंच विचारतात. माझ्या मते खरी परीक्षा दिवसाची. रात्री कुणीही काटा फिरवावा, काहीतरी लागतंच. दुपारी बारा वाजता नवीन स्टेशन काढून दाखवा. त्यासाठी सेट फिरवावा लागतो, काटा नव्हे, अख्खा सेट. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. कांडीची कूस ज्या दिशेला ती दिशा ऐकू येते, टोक ज्या दिशेला ती दिशा बुजते. मी आमच्या पडवीत पाट ठेवून त्यावर सेट इंचाइंचाने फिरवतो. पणजीकडे कांडीचं टोक नेलं की १२८७ वरची पणजी एवढीशी होते, आणि तिच्या दाबाखालचं शेजारचं बारीक काहीतरी डोकं वर काढतं. पाटावर खडूने दिशांच्या खुणा आहेत. बायको त्याला माझं कुंडलीचं पान म्हणते.

जाता जाता एक गंमत. आतापर्यंत जे आकडे दिले त्यांतल्या अंकांची बेरीज करून बघा. १०४४ चे ९, ५५८ चे १८, १२८७ चे १८. नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडची मिडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवली आहेत आणि प्रत्येक आकड्याला ९ ने भाग जातो. कुणी ११०० वर आमचं स्टेशन आहे म्हणालं तर खुशाल खोटं समजावं.

आता रात्र. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित होतो, आणि वर जाणाऱ्या मिडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य गेला की हा थर बघता बघता विरतो. त्याच्याही वर, शंभरापासून तीनशे किलोमीटरपर्यंत, जे थर आहेत ते रात्रभर टिकतात आणि लहरींना परत खाली धाडतात. दिवसा वाया जाणारी लहर मग हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते.

याचा एक उफराटा परिणाम आमच्या घरात रोज दिसे. दिवसभर ठणठणीत असलेली मुंबई दिवेलागणीला गटांगळ्या खायला लागायची. आवाज यायचा, बुडायचा, घोगरा व्हायचा, पुन्हा वर यायचा. आई म्हणायची, "मुंबई आजारी पडली." वडील सेटला एक चापट मारत. बिघाड कसलाच नसे. भुईवरून आलेली मुंबई आणि आभाळातून उतरलेली मुंबई एकाच वेळी पोचत आणि एकमेकींच्या पायात पाय घालत. इंग्रज शास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी १९२४ साली नेमकी हीच गटांगळी धरून आभाळातल्या थराची उंची मोजली. बीबीसीचा बोर्नमथचा प्रक्षेपक कार्यक्रम संपल्यावर वापरायला घेतला, आणि १९४७ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे चापटीवर भागलं.

संध्याकाळी पडवीत बसलं की आधी पूर्व जागी होते. बंगालमध्ये सूर्य आमच्यापेक्षा तासभर आधी मावळतो. आमचा बिंब समुद्राला टेकतो न टेकतो तोच ५९४ वर कोलकात्याजवळच्या चुंचुड्याचा हजार किलोवॉटचा प्रक्षेपक खरखरीतून वर येतो. सतराशे किलोमीटरच्या पलीकडून "आकाशबानी" असा तो गोल उच्चार, खाली भरतीचा आवाज, आणि दळणाचा डबा घेऊन चाललेली शेजारीण विचारते, "ह्या खय?" मी म्हणतो, कोलकाता. ती म्हणते, "मगे माका काय?"

पहाटे उलटं. पूर्वेची स्टेशनं आधी विझतात, आणि अरबी समुद्रापलीकडची अरबी स्टेशनं उजाडलं तरी रेंगाळत राहतात, कारण तिकडे अजून काळोख असतो. एका वर्षी आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचा मुलगा मस्कतला गेला होता. तिने मला विचारलं, तुझ्या डबड्यात मस्कत लागता काय? पहाटे साडेपाचला तिला बोलावून ओमानकडचं वाटणारं एक स्टेशन ऐकवलं. कुणीतरी अरबीत बातम्या देत होता. पदर डोक्यावर घेऊन तिने दोन मिनिटं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "ह्येंका इतक्या मोठ्यान कित्याक बोलूचा लागता?" पुढचा आठवडाभर मात्र ती रोज पहाटे यायची.

सगळ्यात चांगली वर्षं कोणती विचाराल तर भारनियमनाची. २००५ नंतर रोज कित्येक तास वीज जायची. लोक शिव्या घालायचे, मीही घालायचो, कारण पंखा मलाही लागतो. पण वाडीतल्या ट्यूबलाइटा, टीव्ही, चार्जर एकदम बंद पडले की मिडियम वेव्ह अशी धुऊन निघायची की राजकोटच्या १०७१ वर श्वास घेतलेला कळे. एकेका आकड्यावर दोन-तीन स्टेशनं एकमेकांवर चढलेली. दिल्लीच्या बातम्या सगळीच सहक्षेपित करायची, त्यामुळे निवेदकाचा शब्द एका ठिकाणाहून यायचा आणि तोच शब्द दुसऱ्या ठिकाणाहून किंचित मागून. बातम्या संपून स्थानिक निवेदक बोलेपर्यंत वहीत पेन टेकवून थांबायचं. बरोबर त्याच क्षणी वीज यायची.

१५ जानेवारी २०१० च्या कंकणाकृती ग्रहणालाही मी सेट घेऊन बसलो होतो. सूर्य झाकला की तो गिळणारा थर पातळ होणार, असं माझं गणित. आमच्याकडे ग्रहण खंडग्रास. दुपारी एकदीडच्या सुमारास खरखरीत काहीतरी वर आल्यासारखं वाटलं खरं, पण ते माझ्या आशेनंही असेल. वहीत मी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.

हल्ली जुनं पुष्कळ गेलं. नागपूरचा १५६६ वरचा हजार किलोवॉटचा आवाज, ज्यावर १९८८ पासून रात्रभर राष्ट्रीय प्रसारण चाले, ती वाहिनी बंद झाली. काही आकड्यांवर डिजिटल प्रक्षेपण असतं, ते माझ्या सेटवर पिठाच्या गिरणीसारखं वाजतं. आणि एलईडीचे दिवे. शेजाऱ्यांनी अंगणात एक लावला तेव्हा ६०० च्या खालचं सगळं झाकून गेलं. भीड बाजूला ठेवून मी त्यांना सांगितलं, संध्याकाळी अर्धा तास तेवढा बंद ठेवाल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि हाच प्रश्न विचारला. मी त्यांना पडवीत बसवून ५९४ ऐकवलं.

आता दिवेलागणीला ते आपणहून बटन बंद करतात आणि कुंपणापलीकडून हाक मारतात, "इला काय?"