3 अंशांनी खाल्लेले चार महिने

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हाती सिलिकॉनची एक चिप आली. तिच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आठ पट्ट्या: लांबी 500 मायक्रोमीटर, रुंदी 100, जाडी जेमतेम 1. हेच कँटिलिव्हर. वरच्या बाजूला 20 नॅनोमीटर सोनं. त्यावर थायॉलच्या, म्हणजे गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणाऱ्या रेणूंचा एकपदरी थर बसू लागला की सोन्याची बाजू पसरू पाहते, पट्टी उलट दिशेला वाकते आणि टोकावरून परतणारा लेझरचा ठिपका डिटेक्टरवर सरकतो. स्टोनी यांच्या 1909 च्या समीकरणाने त्या वाकण्यावरून पृष्ठभागावरचं प्रतिबल, म्हणजे तिथला ताण किंवा दाब, काढता येतं. माझ्या पट्टीसाठी टोकाचं 1 नॅनोमीटर वाकणं म्हणजे साधारण 0.24 मिलिन्यूटन प्रति मीटर. जाडीचा मात्र वर्ग येतो, म्हणून ती नीट मोजायलाच हवी.

पहिल्याच प्रयोगात 400 नॅनोमीटर मिळाले. आनंदाने रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी थायॉल न सोडता चिप तशीच ठेवली, तरी पट्टी तेवढीच वाकली! संध्याकाळी एसी बंद व्हायचा आणि खोली 3 अंशांनी तापायची. सोनं सिलिकॉनच्या पाचपटीहून जास्त प्रसरण पावतं, आणि तापलेली पट्टी थायॉलने वाकते त्याच दिशेला वाकते. आकड्यावरून फरक कळायला मार्गच नव्हता.

मग शेजारची पट्टी संदर्भाला घेतली आणि दोघींच्या वाकण्यातला फरक मोजू लागलो. पण ती मी बिनसोन्याची ठेवली होती. टेबलाचे हादरे वजा व्हायचे, उष्णता जशीच्या तशी राहायची. यात चार महिने गेले. शेवटी आमच्या लॅबमधल्या सीनियर ताईंनी विचारलं, "अरे, सोनंच नाही तर ती तापून वाकेल कशी?"

आता संदर्भाच्या पट्टीवरही सोनं. काचेच्या अतिबारीक नळीत थायॉलचं द्रावण भरायचं आणि मायक्रोस्कोपखाली, श्वास रोखून, ती नळी त्या एकाच पट्टीवर सरकवायची. तिचा थर आधीच भरला की नंतर सोडलेल्या थायॉलच्या वाफेला ती दाद देत नाही, उष्णतेला मात्र शेजारणीइतकीच देते. सोनंही ताजं लागतं. हवेत काही तास राहिलं तरी त्यावर कार्बनी मळ बसतो.

त्या दिवशी टेबललॅम्पने चिपचं खोकं मुद्दाम तापवलं. दोन्ही पट्ट्या वाकल्या, फरकाची रेघ जागची हलली नाही. मगच थायॉलची बाटली उघडली.