आमची वाटचाल : एका पिशवीचा हिशेब

आठवड्यातून एक तरी फोन येतो. "ताई, ती सबसिडी तुम्हाला मिळाली ना, कशी मिळाली हो?" माणूस ओळखीच्या ओळखीतला असतो आणि त्याला उत्तर एका वाक्यात हवं असतं. ते माझ्याकडे नाही. जून २०१८ मध्ये भांडुपच्या आमच्या घराच्या माळ्यावर मी कापडी पिशव्या शिवायला बसले, आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान, म्हणजे ती सबसिडी, कर्जात वळती होऊन तेवढं कर्ज कमी झालं ते २०२५ मध्ये. एवढं फोनवर कुठे सांगणार, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

त्याआधी अकरा वर्षं मी अंधेरीच्या एका एक्सपोर्ट गारमेंट कंपनीत चेकिंगला होते. शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, लोंबणारे धागे कापायचे, इंचाला टाके मोजायचे. २०१७ च्या दिवाळीनंतर कंपनीने शिलाई वापीकडे हलवली. हिशेबाचे जे पैसे मिळाले ते मुलीची फी आणि सासूबाईंचा मोतीबिंदू यांत संपले. मग घरात होतं ते जुनं पायाचं मशीन आणि कुर्ल्याहून आणलेलं एक सेकंडहँड जुकी (कारखान्यात वापरतात ते विजेवरचं शिलाई मशीन), यांवर ब्लाउज, परकर, पडदे चालू केले.

पिशव्या सरकारच्या कृपेने आल्या असं आम्ही गमतीने म्हणतो. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५ हजार. जूनच्या त्या आठवड्यात स्टेशनबाहेरचे दुकानदार अक्षरशः घरी आले. मांजरपाटाचे ताके जिन्यात ठेवायची वेळ आली. रात्री दोनपर्यंत मशीन चालायचं आणि खालचे काका काठीने छत ठोकायचे.

गणपतीपर्यंत सगळं ओसरलं. प्लास्टिक टेबलाखालून परत आलं, आणि 'कापडी' म्हणून नॉन-वोव्हन पिशवी बाजारात बसली. ती कापडी नव्हेच, पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. काडी लावून बघा, आखडून वितळते. मला कळायला वर्ष गेलं की भाजीवाला आमचं गिऱ्हाईकच नव्हता. पाव किलो मिरचीवर तो पंचवीस रुपयांची पिशवी का देईल? आमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला पिशवीवर स्वतःचं नाव मिरवायचंय तो: साडीचं दुकान, केटरर, लग्नघर, देवस्थान, कॉन्फरन्स भरवणाऱ्या कंपन्या.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तो मला बचत गटाच्या बैठकीत कळला. उत्पादनाच्या धंद्याला तेव्हा ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसायचा. शहरात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के. महिला आणि इतर विशेष गटांना अनुदान २५ टक्के आणि स्वतःचे ५. ग्रामीण भागात अनुदान आणखी दहा टक्क्यांनी जास्त. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे, त्याची टक्केवारीही अशीच. केंद्राची मुद्रा योजना वेगळी. ते निव्वळ कर्ज आहे, शिशू गटात ५० हजारांपर्यंत, आणि ते पूर्ण फेडायचं असतं. आमच्या चाळीत अजून निम्म्या लोकांना ते बक्षीस वाटतं.

माझा प्रकल्प ९ लाख ६० हजारांचा झाला. माझे ४८ हजार, अनुदान २ लाख ४० हजार, बाकी ६ लाख ७२ हजार बँकेचे. अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो. हे मला नंतर कळलं. आधी मी एका माणसाला प्रकल्प अहवालाचे पाच हजार दिले होते, आणि कर्ज पास झालं की 'वरचे' दहा टक्के असंही तो हळूच बोलला होता. अहवाल जाडजूड, स्पायरल बाइंडिंग केलेला. मी वाचला नाही, ही माझी चूक. मुलाखतीच्या दिवशी अर्ज तपासणाऱ्या समितीतल्या एका साहेबांनी पान उलटलं आणि विचारलं, "बाई, पिशवीला लोकर कशाला लागते?" कच्च्या मालाच्या तक्त्यात लोकर होती आणि बाजारपेठेच्या रकान्यात लुधियाना! कोणाचा तरी स्वेटरचा अहवाल, नाव बदलून माझ्या हातात दिलेला. समोरचे हसले, मीही हसले, आणि घरी येईपर्यंत रिक्षात रडले. पण साहेबांनी अर्ज फेटाळला नाही. म्हणाले, नवा करून आणा, स्वतः करून आणा.

तो फेब्रुवारी २०२० होता. पुढच्या महिन्यात सगळंच बंद झालं.

त्या वर्षी आम्ही मास्क शिवले, एवढं सांगून पुढे जाते. त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) सुरू झाली, तीही मोफत, आणि एका हितचिंतकाने "लगेच काढून टाक" म्हणून धोशा लावला. उद्योग खात्याच्या कार्यालयातल्या एका क्लार्कबाईंनी फोनवर अडवलं: ही योजना नव्या युनिटसाठी आहे, नोंदलेला चालू धंदा दिसला तर अर्ज बाद होईल, कर्ज मंजूर होईपर्यंत थांबा. सरकारी कार्यालयाबद्दल मी पुष्कळ वाईट ऐकलं होतं, थोडं अनुभवलंही. पण त्या बाईंनी माझी फाईल वाचवली.

२०२१ मध्ये समितीने शिफारस केली आणि फाईल बँकेत गेली. शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. पहिल्या बँकेने चार महिने ठेवून परत पाठवली. तिथल्या साहेबांनी तोंडी विचारलं होतं, घर नावावर आहे का? आमचं घर डोंगरावरचं, सासऱ्यांच्या फोटोपासवर, म्हणजे झोपडीधारकाला मिळणाऱ्या सरकारी ओळखपासावर. १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता, आणि अशा कर्जांना हमी देणारा ट्रस्ट सन २००० पासून आहे, त्याचं ऑफिसही आपल्या मुंबईतच आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर टेबलावर बोलले असते. दुसऱ्या बँकेच्या मॅनेजर मॅडम माळ्यावर शिडीने चढून आल्या, ऑर्डरची वही चाळली, मशीनवर एक टाका मारून पाहिला आणि पंधरा दिवसांत मंजुरीपत्र दिलं.

पैसे सुटायच्या आधी प्रशिक्षण सक्तीचं. उत्पादनवाल्यांना दोन आठवडे, सेवावाल्यांना एक. मी वैतागलेच होते. दोन आठवडे मशीन बंद ठेवून बाकावर बसायचं, आणि चाळिशी उलटल्यावर कोणी मला 'उद्योजक म्हणजे काय' शिकवायचं! पहिले दोन दिवस तसेच गेलेही, 'सकारात्मक विचार' वगैरे. दीपप्रज्वलनाला समई होती, वात नव्हती. बॅच मात्र बघण्यासारखी. लालबागचा मसाला कांडपवाला, धारावीत चामड्याची पाकिटं करणारा एक मुलगा, मालाडच्या इमिटेशन दागिन्यांच्या दोघी बहिणी, आणि ड्रोन बनवणार म्हणणारा एक इंजिनियर, जो चौथ्या दिवसापासून दिसला नाही.

पाचव्या दिवशी कॉस्टिंगचे सर आले. प्रत्येकाने आपल्या एका वस्तूचा हिशेब फळ्यावर मांडायचा. मी ऐटीत उठले, कारण माझा हिशेब तोंडपाठ होता. कापड १५ रुपये, धागा ५० पैसे, शिलाई साडेचार, छपाई २. एकूण २२. विकते २६ ला. पिशवीमागे चार रुपये सुटतात.

सरांनी विचारलं, "कात्रण?" कापडाची रुंदी पिशवीत पुरती बसत नाही, कडेची पट्टी वाया जाते, शंभरात तीन-चार पिशव्या डागाच्या नाहीतर तिरक्या निघतात. मांडा: १ रुपया २० पैसे. टेम्पो, ८० पैसे. वीज, ५० पैसे. "जागा?" मी म्हटलं, घरचीच आहे. "उद्या गाळा घ्याल तेव्हा?" एक रुपया. मग खडू हातात तसाच धरून ते म्हणाले, "तुमचा पगार कुठे लिहिलाय?"

मी म्हटलं, मालकिणीला कसला पगार. सगळा वर्ग हसला, बहुतेकांच्या फळ्यावरही तो नसणार. त्यांनी बारा हजार धरले, महिन्याच्या सहा हजार पिशव्यांवर वाटले, दोन रुपये. बेरीज साडेसत्तावीस झाली. म्हणजे साडेतीन वर्षं मी दर पिशवीला दीड रुपया खिशातून घालत होते आणि त्याला नफा म्हणत होते. त्या रात्री झोप आली नाही. किती हजार पिशव्या झाल्या असतील याचा गुणाकार करायला घेतला होता, नवऱ्याने वही काढून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात एक निवृत्त बँक अधिकारी आले. अहवाल बँक कुठून वाचायला सुरुवात करते हे त्यांनी दाखवलं: शेवटून, जिथे हप्त्याचा तक्ता असतो. माझ्या मते त्या दोन आठवड्यांतले खरे कामाचे दिवस तीन. पण ते तीन नसते तर अनुदान मिळूनही मी बुडाले असते, फक्त अकरा मशीनवर, म्हणजे जरा जोरात.

मार्च २०२२ मध्ये पैसे सुटले, तेही माझ्या हातात नव्हे, कोटेशन दिलेल्या मशीनवाल्याच्या खात्यात. आठ जुकी डायरेक्ट ड्राइव्हवाल्या (जुन्या पद्धतीच्या क्लच मोटरपेक्षा विजेचं बिल खूप कमी येतं, जुनी मशीन घेणाऱ्यांनी हे आधी बघावं), एक ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारं मशीन), एक कटर, कटिंग टेबल. घरची दोन धरून शिलाईची दहा आणि ओव्हरलॉक मिळून अकरा. आता अनुदानाचं, कारण फोन करणाऱ्यांना तेच ऐकायचं असतं. ती रक्कम तुमच्या नावाने बँकेत बाजूला ठेवली जाते. तीन वर्षं तिला हात लावता येत नाही. युनिट चालू आहे, हप्ते भरले जातायत, अशी पाहणी झाली की ती कर्जात वळती होते. रोख पाच पैसेही हातात पडत नाहीत. त्यातून मुलीचं लग्न, गावच्या घराचे पत्रे असं काही होत नाही. आमच्या बॅचमधल्या एकाने दीड वर्षात मशीन विकली. त्याचं अनुदान गेलं आणि कर्ज मात्र पूर्ण राहिलं.

योजनेत गाळ्याचं डिपॉझिट बसलं नाही, आणि मुंबईत खरी मेख तीच. मशीन परवडतं, ते ठेवायची जागा परवडत नाही. एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाच्या आतल्या बाजूला तळमजल्यावर तीनशे फुटांचा गाळा मिळाला. डिपॉझिटसाठी माझ्या पाटल्या सोनेतारणात गेल्या, त्या अजून पूर्ण सुटलेल्या नाहीत. पहिल्याच जुलैत गाळ्यात घोटाभर पाणी. तेव्हापासून ताके लाकडी फळ्यांवर असतात आणि मोटारीचे प्लग कमरेच्या उंचीवर. आता सात बायका आणि एक कटिंग मास्टर आहेत. बायका भांडुप-कांजूरच्याच, चालत येणाऱ्या. लोकलने येणारी चांगली कारागीर मिळाली तरी दोन महिन्यांवर टिकत नाही, हा अनुभव आहे.

पैसे अडकण्याचं दुखणं वेगळंच. एका मोठ्या कंपनीने कॉन्फरन्सच्या चार हजार पिशव्या घेतल्या आणि सात महिने "अकाउंट्सला पाठवलंय" एवढंच ऐकवलं. कर्जमंजुरीनंतर उद्यम नोंदणी केलेली होती, तिचा उपयोग इथे झाला. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी समाधान नावाचं पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं होतं. तक्रार टाकली. सुनावणीपर्यंत जावंच लागलं नाही, तीन आठवड्यांत मुद्दल आलं. व्याज मी सोडलं. ते गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही. कायदा पैसे मिळवून देतो, पुढची ऑर्डर देत नाही. २०२३-२४ पासून आयकरातही असा नियम आला की वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. काही जण तेव्हापासून वेळेवर देतात, आणि एकाने तर "तुमचं उद्यम आहे का? मग नको" असंच सांगितलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात पाहणीचे साहेब आले. मशीनचे नंबर जुळवले, हजेरीची वही पाहिली आणि विचारलं, "योजनेचा बोर्ड कुठंय?" तो 'अर्थसहाय्यित' बोर्ड पहिल्या पावसात भिजला म्हणून मास्टरने काढून कटिंग टेबलाखाली टेकवला होता. आम्ही तो ओढून काढला, ओल्या फडक्याने पुसला, दारात धरला आणि फोटो काढला. फोटोत बोर्डच्या खाली माझी बोटं दिसतायत. तो तसाच फाईलला लागला.

कर्जाचे अजून चौदा हप्ते आहेत. पिशवी आता चौतीसला जाते आणि पगाराचा रकाना पहिला लिहिते, जरी एखाद्या महिन्यात तो प्रत्यक्ष निघत नाही. गाळ्याचा करार मार्चमध्ये संपतोय. मालकाने भाडं वाढवून मागितलंय आणि शेजारच्या गाळ्यात कुरिअरवाल्यांचं गोदाम आलंय, ते काय देतात हे त्याला चांगलं माहीत आहे. कळव्याला एक जागा बघून आले. स्वस्त आहे, उंचावर आहे, पाणी भरणार नाही. पण सातपैकी किती जणी तिथवर येतील हे विचारायला अजून तोंड उघडलेलं नाही.