साओना बेट : सहल दिवसभराची, किनारा दोन तासांचा

कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, पुंता कानाच्या रिसॉर्टमधल्या टूर डेस्कवर जे रंगीत पत्रक मिळतं, त्यावर ‘फुल डे साओना आयलंड’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. दिवस पूर्ण जातो, त्यात खोटं काही नाही. बेटावरच्या किनाऱ्यावर मात्र आपण जेमतेम दोन तास असतो. बाकीचा दिवस बसमध्ये, बसची वाट बघण्यात, धक्क्यावरच्या रांगेत, बोटीत, परत बोटीत आणि शेवटी एका दुकानात जातो. न्यू जर्सीतली आपली निम्मी मंडळी हिवाळ्यात पुंता कानाला जातात, नेवार्कहून चार तासांचं थेट विमान आहे, आणि आल्यावर सगळे फक्त वाकड्या माडाखालचे फोटो टाकतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही एडिसनहून गेलो होतो. मी, नवरा, दोन मुलं, जाऊबाई आणि भाऊजी. रिसॉर्टमधले बाकीचे दिवस छान गेले. खाल्लं, पोहलो, झोपलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

साओनाच्या दिवशी पिकअप सकाळी पावणेसातला. हिवाळ्यात तिथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखीच वेळ. फोन आपोआप बदलतो, भाऊजींचं मनगटावरचं घड्याळ बदललं नव्हतं, त्यामुळे ते दाढी अर्धवट टाकून खाली धावले. बसमध्ये बसलो आणि वाटलं, चला, निघालो. कसले निघतोय! ती बस आणखी पाच-सहा हॉटेलं फिरली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक जोडपं नाश्त्यातून उठलेलं नसायचंच. पुंता काना ते बायाहिबे हे अंतर सरळ गेलं तर हायवेने तासाभराचं आहे. आम्हाला दोन तासांच्या वर लागले. त्यामुळे बुकिंग करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा की आमचं हॉटेल पिकअपच्या यादीत पहिलं आहे की शेवटचं. पहिलं असेल तर बसमध्येच झोपायची तयारी ठेवा.

बायाहिबे हे कॅरिबियन बाजूचं मासेमारी करणारं छोटं गाव. आता तिथे सकाळी मासळीपेक्षा पर्यटकच जास्त उतरतात. मोठ्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, म्हणून आधी छोट्या होडीतून त्यांच्यापर्यंत जायचं. गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं. बूट-मोजे घालून आलेली मंडळी तिथेच एका पायावर उभी राहून बूट काढत असतात आणि रांग अडवतात. सपाता घाला, विषय संपला.

बेटाबद्दल गाइड बसमध्येच सगळं सांगून टाकतो. कोलंबस १४९४ मध्ये इथून गेला आणि इटलीतल्या सावोना शहरावरून बेटाचं नाव पडलं. बेट साधारण ११० चौरस किलोमीटरचं, म्हणजे चांगलंच मोठं. पण सगळ्या टूर कंपन्या पश्चिमेकडच्या त्याच त्या चार किनाऱ्यांवर माणसं उतरवतात. १९७५ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे (आताचं नाव कोतुबानामा, तिथल्या मूळच्या ताईनो लोकांच्या एका सरदारावरून). त्यामुळे बेटावर मोठी हॉटेलं नाहीत. किनारे सुंदर राहिलेत ते त्यामुळेच, आणि दुपारी बारा ते दोन या वेळात सगळी गर्दी एकदम आदळते तीही त्यामुळेच. कुणी मुक्कामाला नसतं; सगळे एकत्र येतात, एकत्र जेवतात आणि एकत्र जातात.

जाताना आम्हाला कॅटमरान मिळाली, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद शिडाची बोट. शीड नावापुरतं, बोट चालते इंजिनावर. पावणेदोन तास मोठ्या आवाजात बचाता आणि मेरेंगे ही तिकडची नाचाची गाणी, प्लास्टिकच्या ग्लासात रम, आणि बोटीवरची पोरं सगळ्यांना हात धरून नाचायला उठवतात. ज्यांना नाचायचं नाही त्यांनी मागे सावलीत जागा धरावी. पुढच्या जाळीवर आडवं पडणं फोटोत छान दिसतं, पण तिथे वाऱ्यामुळे ऊन कळत नाही आणि संध्याकाळी पाठ टेकता येत नाही. लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. सनस्क्रीन पाण्यात उतरलं की गेलंच.

आणि आता परतीचं.

पैसे भरताना डेस्कवरच्या बाईंनी ‘दोन्ही वेळा कॅटमरान’ असं सांगितलं होतं. मी दोनदा विचारलं होतं, कारण जाऊबाईंची कंबर जुनी दुखरी आहे. दुपारी सव्वादोनला शिट्टी वाजली, आम्ही टॉवेल गोळा करून पाण्यात उतरलो, तर समोर स्पीडबोट. गाइड म्हणाला, सगळ्यांना एक बाजू कॅटमरान आणि एक बाजू स्पीडबोट, नेहमी असंच असतं. पावती काढून दाखवली. त्यावर फक्त ‘बोट’ लिहिलेलं. भांडायला जागाच नाही, कारण मागे दुसरी काहीच बोट उभी नव्हती. बेटावर माणूस काय करणार!

वीस-बावीस माणसं, मागे दोन मोठी इंजिनं, कडेने बाकडी, वर छप्पर नाही. जाऊबाई पुढच्या टोकाला जाऊन बसल्या.

“वहिनी, मागे या. पुढे फार आपटतं म्हणतात.”

“अगं, इथे वारा किती छान येतोय. ये ना तूही!”

पहिली पाच मिनिटं खरंच छान गेली. किनाऱ्याच्या आडोशातून बोट बाहेर पडली आणि वाऱ्याने उठलेल्या लाटा लागल्या. सकाळी हेच पाणी शांत होतं. व्यापारी वाऱ्यांचा जोर दुपारी वाढतो, त्यामुळे परतीच्या वेळी पाणी सकाळसारखं राहत नाही. बोटीचं नाक लाटेवर चढतं, क्षणभर सगळं हलकं होतं आणि मग धाडकन खाली. एसटीत घाटात मागचं सीट जसं उडवतं, तसं इथे पुढचं बाकडं उडवतं, आणि खाली पाण्याऐवजी सिमेंट असावं असं आपटतं. बाकड्यावरचं रेक्झिन फाटलेलं, आतला फोम दबून भाकरीएवढा पातळ झालेला. कॅप्टन विशी-बाविशीचा पोरगा, एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हाताने कुणाला तरी हात हलवतोय. कमी कर, कमी कर म्हणून भाऊजी ओरडत होते, त्याला वाटलं मजा येतेय, त्याने अजून वेग वाढवला. ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’ हे वाक्य पाठ करून जा. अजून हळू, कृपया. ते म्हटल्यावर तो लगेच ऐकतो, पण आम्हाला ते कळेपर्यंत निम्मा रस्ता संपला होता.

जाऊबाईंनी दोन्ही हातांनी कडेचा दोर धरला होता आणि डोळे मिटून रामरक्षा चालू होती. प्रत्येक आपटीला एक ओळ तुटायची. मुलांना मात्र परमानंद. पस्तीस-चाळीस मिनिटांचा हा प्रवास आहे, आणि त्यातली वीस मिनिटं ज्यांच्या कंबरेला, मानेला किंवा गुडघ्याला काही झालेलं आहे त्यांनी करू नये. सरळ सांगते, करू नये. गरोदर बायकांनी तर विचारही करू नये. वहिनींनी उरलेली सुट्टी गरम पाण्याच्या पिशवीसोबत काढली.

जायचंच असेल तर तीन गोष्टी. बसायला मागे, इंजिनाच्या पुढच्या बाकड्यावर जागा धरा. तिथे पेट्रोलचा वास आणि पाण्याचे फवारे सहन करावे लागतात, पण आपटतं कमी. पाय जमिनीवर घट्ट रोवा आणि नाक वर गेलं की किंचित उठून भार पायांवर घ्या, मणक्यावर नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या तासभर आधीच घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो. आणि पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न: ‘आ ला व्वेल्ता, लांचा ओ कातामारान?’ परतीला स्पीडबोट की कॅटमरान? उत्तर पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कचरत असतील तर समजून जा. सकाळी शांत पाण्यात स्पीडबोट आणि दुपारी कॅटमरान अशी उलट फेरी मिळाली तर निम्मं दुखणं वाचतं, आणि तीच मागा.

वाटेत ‘पिसिना नातुराल’ नावाचा उथळ वाळूचा पट्टा लागतो. किनाऱ्यापासून दूर, तरी पाणी कंबरेइतकंच, आणि तळाशी मोठाले केशरी तारामासे. हा दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास, हे कबूल. पण तिथे एकाच वेळी दहा-बारा बोटी आणि प्रत्येकीतून रम. तारामासा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटोसाठी क्षणभरसुद्धा नाही. बाहेर काढल्यावर तो गुदमरतो. आमच्या गाइडने स्वतः सांगितलं आणि शेजारच्या बोटीवरच्या माणसाने सांगता सांगता काढून दाखवला. मुलांना आधीच बजावून ठेवा.

जेवण म्हणजे किनाऱ्यावरचा बुफे: भात, भाजलेलं कोंबडं, पास्ता, कोबी-टोमॅटोचं सॅलड, अननस. शाकाहारी माणसांनी भात आणि अननसावर दिवस काढायचा. तिथल्या शिजवलेल्या राजम्यात काय घातलंय ते विचारा. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नको) असं तिन्ही वेगवेगळं म्हणा, नुसतं मांस नको म्हटलं की कोंबडी येते. आम्ही खाकऱ्याची पाकिटं नेली होती, त्यावर मुलं आणि गाइड दोघंही खूश.

किनारा? किनारा सुंदर आहे. पत्रकातल्यासारखाच आहे. पुंता कानाकडे अटलांटिकच्या बाजूला उन्हाळ्याच्या आसपास तपकिरी सार्गासम शेवाळाचे ढीग लागतात, त्या मानाने साओनाचे हे किनारे बरेचदा स्वच्छ असतात. पण आराम-खुर्ची मिळवून, मुलांना क्रीम लावून, जेवणाच्या रांगेतून येईपर्यंत घड्याळात एक चाळीस झालेले असतात.

ज्यांना खरंच बेट बघायचंय त्यांनी पुंता कानाहून निघूच नये, हे माझं स्पष्ट मत. एक रात्र बायाहिबेत काढा. तिथे छोटी हॉटेलं आहेत आणि सकाळी आठला धक्क्यावरच स्थानिक बोटवाले भेटतात. बसचे चार-साडेचार तास वाचतात, पैसेही कमी लागतात आणि गर्दीच्या आधी किनाऱ्यावर पोहोचता. आमच्या एडिसनच्या शेजाऱ्यांनी हेच केलं. भाव ठरवताना मानो हुआन आणि कांतो दे ला प्लाया ही दोन नावं घ्या. मानो हुआन हे बेटावरचं एकमेव गाव, रंगीत लाकडी घरांचं, तिथे समुद्री कासवांची अंडी जपून पिल्लं सोडतात. कांतो दे ला प्लाया बेटाच्या आग्नेय टोकाला, तिकडे मोठ्या कंपन्या सहसा फिरकत नाहीत. अंतर जास्त म्हणून बोटवाला कुरकुर करतो. करू द्या.

परतीच्या वाटेवरच्या दुकानात अर्धा तास सक्तीचा. सिगार, मामाहुआना (रम, वाइन, मध आणि झाडांच्या साली-मुळ्या घातलेली बाटली), आणि निळा लारिमार. लारिमार हा खडा जगात फक्त डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडतो, त्यामुळे नकली भरपूर. मला त्यातलं कळत नाही, म्हणून मी घेतला नाही. डॉलर चालतात, पण पेसोत, म्हणजे तिथल्या चलनात, भाव विचारला तर कमी निघतो. डॉलरला साधारण साठच्या आसपास पेसो धरा आणि फोनवर हिशेब करूनच पैसे काढा.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा टुरिस्ट व्हिसा लागत नाही. अमेरिकेत परत शिरता येईल का, हे मात्र आई-वडिलांच्या व्हिसावर आधी नीट बघा. येता-जाता ई-तिकीट नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

राहिला फोटोवाला. सकाळपासून हा माणूस मागे-पुढे करतो, पोपट खांद्यावर ठेवतो, मुलांना उचलतो, तुम्हाला वाटतं हे सगळं सहलीच्या ९५ डॉलरमध्येच आहे. नाही. बायाहिबेला उतरताना तो पेनड्राइव्ह पुढे करतो: चाळीस डॉलर. आम्ही नको म्हणून चालायला लागलो, बसच्या पायरीपर्यंत तो वीसवर आला. त्याच्या लॅपटॉपवर सगळे फोटो एकदा बघितल्याशिवाय तेही देऊ नका. आमच्या पेनड्राइव्हमध्ये आमचे नऊ फोटो निघाले आणि बाकी सगळे एका रशियन कुटुंबाचे.