अंधाराची सोय

आमच्या घरात कधीच न विझणारे सतरा दिवे आहेत, हे मला घर घेतल्यावर नऊ वर्षांनी कळलं. वाय-फायच्या डब्यावरचे चार हिरवे, सेट-टॉप बॉक्सचा लाल, इन्व्हर्टरचा आणखी एक हिरवा, स्टॅबिलायझरचा पिवळा, पाण्याच्या फिल्टरचा निळा, एसीच्या पोटावरचा २६ हा आकडा. उरलेले मी एका शनिवारी रात्री हॉलभर रांगत मोजले. हातात काळ्या चिकटपट्टीचं रीळ होतं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधतोयस?"

"उजेड."

तिने काही न बोलता दार लोटून घेतलं.

कारण एवढंच, की घरात प्रोजेक्टर आला होता.

मुळात घ्यायचा होता टीव्ही. पण ऑफिसातल्या एका मित्राने, नेरूळला राहतो तो, तळहातावर मावेल असा प्रोजेक्टर ऑनलाइन मागवला आणि रोज डबा खाताना त्याचंच कौतुक सुरू झालं. खोक्यावर म्हणे नऊ हजार लुमेन्स, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेत. एका रविवारी बघायला गेलो. दुपारचे तीन, खिडकीला चादर, चादरीवर सतरंजी आणि भिंतीवर ताक. दुसरा शब्द नाही. ताकात माणसं हलत होती, गाड्या उडत होत्या, बहुधा एक स्फोटही झाला. "रात्री बघ रे, रात्री!" मित्र म्हणत राहिला. जेवायला थांबवलंच होतं, म्हणून रात्रीही बघितलं. रात्री ताकाचं दही झालं, इतकंच. पुढे वाचनात आलं की लुमेन्सचा आकडा काढायची एक रीत आहे. पडद्याचे नऊ चौकोन करायचे, प्रत्येकातला उजेड मोजायचा आणि त्याची सरासरी काढून चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायची. त्याला म्हणतात आन्सी लुमेन्स. खोक्यावर 'आन्सी' नसेल, तर तो आकडा लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्री कृपेकरून' इतकाच मनावर घ्यायचा.

एवढं ज्ञान झाल्यावर मी शहाण्यासारखा चांगल्यातला, पण सेकंड हँड घ्यायचं ठरवलं. मानपाड्याचे एक गृहस्थ विकत होते. का विकताय, असं विचारलं, तर म्हणाले, "मुलगा बारावीला गेला." यावर कुठलाही मराठी माणूस पुढे काही विचारत नाही. जुन्या गाडीचे किलोमीटर बघतात तसे यात दिव्याचे तास बघायचे असतात. मेनूत आकडा होता ११४०. दिवा ४००० तासांचा. म्हणजे उरले २८६०, रोज दोन तास धरले तर चार वर्षांना थोडे कमी. हा हिशेब मी त्यांच्या सोफ्यावर बसूनच केला आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. कोणी सिनेमा लावून फोनवर बोलायला उठलं, की मला गॅसवर दूध ठेवून गेल्यासारखं वाटतं. खरं तर दिवा चार हजाराव्या तासाला फट्‌कन जातो असं नाही. हळूहळू मंदावत निम्म्यावर येतो. आपल्याला कळतही नाही, कारण आपले डोळेही त्याच गतीने चाललेले असतात.

आता तो टांगायचा कुठे? शंभर इंची चित्र म्हणजे कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत शंभर. रुंदी ८७ इंच, सव्वासात फूट. आमच्या यंत्राला रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे भिंतीपासून जेमतेम अकरा फूट. आमचा हॉल सतरा फूट लांब. कागदावर सगळं झकास बसलं. ड्रिलवाला आला, सोसायटीच्या नियमातली वेळ साधून त्याने स्लॅबला चार भोकं पाडली, ब्रॅकेट लावलं, पैसे घेतले आणि गेला. मे महिना होता. रात्री पहिला खेळ. नायक नायिकेकडे बघून काहीतरी हळुवार बोलतोय आणि दोघांच्या कपाळावरून भराभरा सावल्या फिरतायत. मुलगी म्हणाली, "बाबा, हे हेलिकॉप्टरमध्ये आहेत का?"

पंखा! कागदावर मी भिंत काढली होती, सोफा काढला होता, शोकेससुद्धा काढलं होतं. हॉलच्या बरोबर मध्यावर पंखा असतो आणि त्याचं पातं दोन फुटांचं असतं, हे नऊ वर्षं त्याच पंख्याखाली झोपून माझ्या लक्षात आलं नव्हतं. पात्याचं टोक भिंतीपासून साडेदहा फुटांवर, प्रोजेक्टरचं भिंग अकरावर. म्हणजे पंखा तरी लावा, नाहीतर सिनेमा तरी. ठाण्याच्या मे महिन्यात हा प्रश्न विचारायचासुद्धा नसतो. आम्ही तरी पंखा बंद करून दहा मिनिटं तग धरला. त्यात प्रोजेक्टरच्या कुशीतून येणारा गरम वारा थेट माझ्या मानेवर. एसी आईच्या गुडघ्यांना चालत नाही. यंत्र बाजूला तिरकं ठेवून चित्र मेनूतून सरळ करता येतं, त्याला कीस्टोन म्हणतात; पण तसं केलं की चित्राचे बरेचसे ठिपके वायाच जातात, आणि मी ते पैसे मोजून घेतले होते. शेवटी तोच ड्रिलवाला परत बोलावून मध्ये दीड फुटाची नळी घातली. आता प्रोजेक्टर पंख्याच्या खाली, हॉलमध्ये वटवाघळासारखा उलटा लोंबतो.

आणि वटवाघळासारखाच अंधार मागतो.

या यंत्राच्या पोटात नखाएवढी एक चिप आहे आणि तिच्यावर आरसे आहेत. आमच्या फुल एचडीचे धरले तर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा मान हलवतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली हे काढलं. पांढरा ठिपका हवा असेल तर आरसा भिंगाकडे बघतो. काळा हवा असेल तर तोंड फिरवतो. म्हणजे काळा रंग टाकायची सोयच नाही. फक्त उजेड न टाकायची सोय आहे. पडद्यावर जे काळं म्हणून दिसतं, ती आपली भिंत असते. आमची भिंत 'आयव्हरी' नावाच्या रंगात आहे. ट्यूब लावली की सिनेमातले सगळे केस, सगळ्या रात्री, वकिलांचे सगळे कोट आयव्हरी. उजेडाचे मी पैसे दिले होते. अंधार आपला आपल्याला उभा करावा लागतो, हे मानपाड्याच्या गृहस्थांनी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांच्या घरात बारावीमुळे तो आयताच असेल.

मग ती चिकटपट्टी. मग जाड पडदे, त्यांच्या वरच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या. मुख्य दाराखालून जिन्यातला उजेड येतो, तिथे गुंडाळलेलं पायपुसणं. घोडबंदर रोडवर समोरची इमारत कायम बांधली जात असते. तिच्या क्रेनवरचा हॅलोजन आमच्या स्वयंपाकघरातून फिरून हॉलमध्ये येतो, हेही नव्यानेच कळलं. तिथे फळीसारखा आडवा कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा. इतकं सगळं होऊनही बाहेरून म्हणे काहीतरी दिसतंच. रात्रपाळीचा वॉचमन एकदा म्हणाला, "साहेब, तुमच्या घरी वेल्डिंगचं काम निघालंय का?"

पण खरा सामना आईशी होता. संध्याकाळी सहाला मी पडदे ओढले आणि ती आतून आली.

"तिन्हीसांजेला घरात अंधार करतात का रे? लक्ष्मी यायची वेळ ही."

याला उत्तर नाही. जूनमध्ये इथे सव्वासातपर्यंत सूर्यच मावळत नाही. तो मावळला की दिवेलागण. मग शुभंकरोति, मग जेवणं, मग भांडी घासणं, आणि भांडी काही अंधारात घासता येत नाहीत. म्हणजे साडेनवाच्या आत खेळ नाही आणि साडेदहाला मुलीला झोपायचं असतं. आमच्याकडे एक सिनेमा तीन दिवस चालतो.

देवघरातला लाल झीरोचा दिवा हा सतरावा. चिकटपट्टीचं रीळ घेऊन मी त्याच्यापर्यंत गेलो होतो. आईने नुसतं बघितलं. मी परत आलो. त्यामुळे आमच्या घरी लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात थोडं कुंकू असतं. बर्फ असो, वाळवंट असो, चंद्रावर उतरलेली माणसं असोत. आता सवय झाली आहे. मित्राकडे बघतो तेव्हा तो कोपरा ओका ओका वाटतो.

आईने प्रोजेक्टर वापरून बघितला नाही असं नाही. एकदा तिची मालिका लावून दिली. मालिकेत खलनायिकेचं तोंड जवळून दाखवायची पद्धत असते. सव्वासात फुटी भिंतीवर ती भुवई उचलून आईकडे बघू लागली. एकेका बुबुळाचा आकार डोशाएवढा. चाळीस मिनिटं आई सोफ्याच्या टोकावर अवघडून बसली, आणि मग उठली.

"एवढं मोठं तोंड नको रे बाबा घरात."

"मल्हार टॉकीजला सिनेमे बघितलेस की आयुष्यभर. तिथे मोठं नव्हतं?"

"तिथे ते त्यांच्या घरी असतं," आई म्हणाली आणि आतल्या बत्तीस इंची टीव्हीकडे निघून गेली. दिव्याच्या तासांच्या दृष्टीने मला बरंच वाटलं, हे कबूल करतो.

बायकोची तक्रार वेगळी. तिला अधूनमधून अक्षरांच्या कडेला लाल-हिरवं-निळं काहीतरी चमकून गेलेलं दिसतं. मला कधीच दिसलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या घरात 'मला दिसत नाही' या वाक्याचे जेवढे अर्थ होतात तेवढे सगळे झाले. नंतर कळलं की तिचंच खरं. आरसे एका चिपवर, रंग तीन, म्हणून दिव्यासमोर रंगीत काचांचं एक चाक गरगर फिरत असतं आणि रंग एकामागून एक टाकतं. बहुतेकांच्या डोळ्यांना ते एकत्र दिसतं. काहींना नजर हलवली की सुटं होऊन दिसतं. मी तिला हे उत्साहाने समजावून सांगितलं. "म्हणजे मी बरोबर होते," ती म्हणाली. चाकात तिला रस नव्हता.

पावसाळ्यात वरच्या बाजूला एक धूसर ठिपका उगवला. घोडबंदर रोडला राहायचं आणि धूळ नको म्हणायचं, हे चालायचं नाही. एखादा कण कसा कोण जाणे आत आरशांपर्यंत पोचला होता. उजेडाच्या दृश्यात तो दिसत नाही. रात्रीचं दृश्य आलं की हजर. मुलगी त्याला चंद्र म्हणते. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ करायचे सांगितलेले पैसे ऐकून आम्हीही चंद्रच म्हणायला लागलो. त्याच दिवसांत येऊरच्या बाजूने किडे येतात, ते भिंतीवरच्या उजेडावर बसतात, आणि त्यांच्यामागून पाल येते. एका भयपटात नायिका तळघराचा जिना उतरत होती. सगळे श्वास रोखून. पाल तिच्या खांद्यावर आली, गालावर चढली, नाकाशी थांबली, आणि भुवईवरचा किडा मटकावून 'चुक चुक' केलं. तळघरात पुढे कोण होतं ते मला अजून माहीत नाही, कारण बायकोने ट्यूब लावली.

कोजागिरीला सोसायटीच्या लोकांनी प्रोजेक्टर गच्चीवर मागितला. मी सांगून बघितलं की अख्ख्या वर्षात याला सगळ्यात वाईट रात्र कुठली असेल तर ती पौर्णिमा. कोणी ऐकेना. लिफ्टच्या खोलीतून वायर काढली, दोन डबल बेडच्या चादरी आईने हाताने टाके घालून जोडल्या, पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत ताणून बांधल्या. चित्र दोनशे इंची. रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि उजेड पाव उरतो. वर तो सबंध चंद्र. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सर, वायर जोडेपर्यंत मिळालेली संधी साधून, सांगत होते की यात नवीन काही नाही. आपल्या शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर पाडून खेळ केले होते, 'शांबरिक खरोलिका' नावाने, १८९२च्या सुमारास. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला तो ७ जुलै १८९६ला. "म्हणजे मुंबईच्या आधी आपण!" सर म्हणाले. टाळ्या पडल्या. दुधावर साय आली.

सिनेमा जुना, मराठी, विनोदी. काळा रंग औषधालाही नव्हता. चादर वाऱ्याने फुगली की नायकाचं पोट सुटायचं, ओसरली की तो उपाशी दिसायचा. लोक हसत होते. संवाद सगळ्यांना पाठ होते, दिसायची फारशी गरज नव्हती. मी सवयीने एक डोळा मिटून कोपऱ्यातलं कुंकू शोधत होतो.

मध्येच लक्षात आलं, आई जागेवर नाही. शोधत गेलो तर ती चादरीच्या मागच्या बाजूला, टाकीच्या कट्ट्यावर, मसाला दुधाचा पेला घेऊन एकटी बसलेली. तिथून सगळं उलटं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, गाडीचं स्टीअरिंग डावीकडे.

"इकडे काय करतेस? पुढे चल, खुर्ची आहे."

"राहू दे. आमच्या आळीत गणपतीला पडदा लावायचे, तेव्हा पुढे जागा कधी मिळाली? मागूनच बघितलाय हा."

नायकाने टेबलाशी बसून डाव्या हाताने पत्र लिहायला घेतलं. आईने पेला खाली ठेवला.

"म्हणजे हा डावखुरा नव्हता?"