फाइल पुसली, जागा सुटेना

सकाळी पावणेआठला फोन वाजला आणि पलीकडून एवढंच ऐकू आलं, "कागदपत्रं उघडत नाहीयेत." आमच्या कामाची सगळी कागदपत्रं आम्ही स्वतःच चालवत असलेल्या सर्व्हरवरच्या एका अ‍ॅपमध्ये असतात. लिनक्स, पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि ८० जीबीची एकच डिस्क. सांभाळायला मी एकटा, तोही मूळ काम सांभाळून उरलेल्या वेळात.

एसएसएचने, म्हणजे दुरूनच, सर्व्हरच्या आत शिरलो. फोल्डरचं नाव अर्धवट टाइप करून टॅब दाबला, तर नाव पूर्ण होण्याऐवजी कमांड घेणारा शेलच कुरकुरला: तात्पुरती फाइल करता येत नाही, जागा शिल्लक नाही. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ ही कमांड चालवायची तशी गरज उरली नव्हती. तरी चालवली. शंभर टक्के, शिल्लक शून्य.

रूट, म्हणजे सर्व्हरचा मालक-यूजर, होऊन पाहिलं तर मात्र टॅब चालला. डिस्कवर फाइली मांडणारी ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते, म्हणजे आमच्याकडे चारेक जीबी. बाकीच्यांचं दार बंद झालं तरी मालकाला आत येऊन आवराआवर करता यावी, एवढी ती सोय. डेटाबेस चालतो साध्या यूजरखाली, त्यामुळे तो पहाटेच आडवा झाला होता. पोस्टग्रेस कुठलाही बदल मूळ डेटात करण्याआधी वॉल नावाच्या नोंदवहीत उतरवतो. ती नोंद लिहिता आली नाही की तो चालढकल करत नाही, लॉगमध्ये, म्हणजे घडामोडी टिपायच्या फाइलमध्ये, 'पॅनिक' अशी ओळ टाकून सरळ बंद होतो.

डिस्क ९५ टक्क्यांवर गेली की मला मेल पाठवणारी एक स्क्रिप्ट मी मोठ्या हौसेने लिहिली होती. ती चालली होतीही. पण मेलचा मजकूर आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा आणि मग पाठवायचा, असं मीच त्यात घातलं होतं. रात्री डिस्क इतक्या झपाट्याने भरली, की स्क्रिप्टची पाळी येईपर्यंत ती फाइल लिहायलाच जागा उरली नव्हती.

माझा पहिला संशय लॉगवर, आणि तो खरा ठरला. कुठली फाइल किती जागा घेते ते मोजणारं डीयू लावल्यावर दिसलं, की अ‍ॅपचा लॉग एकटा २२ जीबी खाऊन बसलाय. आठवड्यापूर्वी एका अडचणीचा माग काढायला मी डीबग, म्हणजे बारीकसारीक तपशीलही लॉगमध्ये टिपणं, चालू केलं होतं आणि ते बंद करायचं राहून गेलं. लॉगरोटेटच्या यादीत ही फाइल मी कधी घातलीच नव्हती, त्यामुळे जुना भाग कापणारंही कुणी नव्हतं. घाईघाईत ती पुसायला आरएम मारलं आणि पुन्हा डीएफ पाहिलं.

शंभर टक्के.

मला वाटलं, चुकीची फाइल गेली की काय. पण डीयूच्या हिशेबातून ते २२ जीबी गेले होते आणि डीएफच्या हिशेबात जसेच्या तसे होते. पुस्तकात वाचलेली गोष्ट अशा वेळी पाच मिनिटं उशिरा आठवते. आरएम पुसतं ते फाइलचं नाव. आतला मजकूर तोवर जागेवरच राहतो, जोवर एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, ती फाइल उघडी धरलेली असते. डीयू नावं धरून मोजतं, डीएफ व्यापलेली जागा मोजतं, म्हणून दोघांचं जमेना. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला 'अधिक एल १' लावून विचारलं, म्हणजे नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली. एकच ओळ आली: आमचं अ‍ॅप, तोच लॉग, शेवटी कंसात 'डिलीटेड'. अ‍ॅप रीस्टार्ट केलं आणि २२ जीबी धाडकन सुटले. फाइल न पुसता ट्रंकेट करून शून्यावर आणली असती, तर हा घोळच झाला नसता.

पोस्टग्रेस चालू केला. त्याने नोंदवही वाचून राहिलेले बदल पुरे केले आणि उभा राहिला. साडेआठपर्यंत फोन थांबले.

मीही थांबलो असतो, पण बेरीज जुळत नव्हती. सिस्टिम आणि अ‍ॅप मिळून ९ जीबी, लोकांनी चढवलेली कागदपत्रं आणि डेटाबेस मिळून १२, लॉग होता २२. झाले ४३. डिस्कवर मात्र ७४ भरले होते. म्हणजे ३१ जीबीचा पत्ताच नव्हता, आणि या वेळी एलएसओएफही गप्प.

सकाळच्या गडबडीत मी डीयू फक्त लॉगच्या फोल्डरवर लावलं होतं. आता रूट होऊन मुळापासून लावलं. पीजी_वॉल, म्हणजे त्या वॉल नोंदवहीचं फोल्डर, ३१ जीबी. आत एकेक १६ एमबीच्या जवळपास दोन हजार फाइली, सगळ्यात जुनी दोन महिन्यांपूर्वीची.

खरं सांगायचं तर बोटं शिवशिवली. दोन महिने जुन्या नोंदी, डेटाबेस तर धडधडीत चालू आहे, यांची गरज कुणाला? या फोल्डरला पूर्वी पीजी_एक्सलॉग म्हणत. नावात 'लॉग' पाहून लोक तो बिनधास्त रिकामा करत आणि डेटाबेस गमावून बसत. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत नाव बदललं, त्यामागे हेही एक कारण होतं. हे मला माहीत होतं आणि तरी शिवशिवली.

माझ्याआधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमना फोन लावला. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "हात लावू नकोस. पोस्टग्रेस उगाच साठवत नाही, त्याला कुणीतरी अडवून धरलंय. स्लॉट बघितलेस का?"

"कुठला स्लॉट, मॅडम? आपल्याकडे रेप्लिका आहेच कुठे?"

"आत्ता नाही. पण मध्यंतरी होती की नाही?"

होती. दोन महिन्यांपूर्वी, आठवडाभर. दुसऱ्या एका मशीनवर डेटाबेसची प्रत चालवता येते का, हे मी करून पाहिलं होतं. जमलं, मग ते मशीन मी पुसून टाकलं. रेप्लिकेशन स्लॉट मात्र मूळ सर्व्हरवर राहिला. स्लॉटचं कामच असं, की पलीकडच्या प्रतीने जिथवर वाचलंय त्याच्या पुढची एकही नोंद पुसू द्यायची नाही. पलीकडे मशीनच उरलेलं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दिवसाला साधारण अर्धा जीबी इमानेइतबारे जपून ठेवत होता. लॉगने आठवडाभरात जे केलं, ते त्याने आणखी दीड महिन्यात केलंच असतं, आणि तेव्हा पुसायला माझ्याकडे फुगलेला लॉगही नसता.

तेराव्या आवृत्तीपासून अशा साठ्याला मर्यादा घालता येते, पण आमची बारावी. आणि तिथेही मर्यादा आपणच घालायची असते. न घातल्यास साठा अमर्याद.

स्लॉटच्या यादीत एकच ओळ होती. नाव 'टेंप_टेस्ट', मीच दिलेलं. 'अ‍ॅक्टिव्ह'च्या रकान्यात 'एफ', म्हणजे कुणी जोडलेलं नाही. मॅडम लाइनवर होत्या तेवढ्यात तो काढून टाकला आणि हाताने चेकपॉइंट दिला, म्हणजे आतापर्यंतचे बदल मूळ डेटात उतरवून नको असलेल्या जुन्या नोंदी सोडायला लावल्या. पीजी_वॉलवर पुन्हा डीयू लावलं, तर ३१ चा १ जीबी सुद्धा भरत नव्हता.

"आता यादी परत काढ," मॅडम म्हणाल्या.

काढली. शून्य ओळी.