न धुतलेल्या तांदळाचा भात

मिलानला येऊन वर्ष होत आलं तरी घरी मी भात करायचे तो आपलाच, मोकळा. रिसोट्टो बाहेर खाल्ला की मनात यायचं, हा तर मऊभात, यात काय एवढं! एका शनिवारी बाजारात ताज्या ब्रान्झिनो माशाचे कातडीसकट तुकडे मिळाले. पांढरं, घट्ट मांस, चव थोडी जिताड्याच्या वळणाची. म्हटलं, मासा, भाज्या आणि लिंबाचा रिसोट्टो असं अख्खं ताट करू.

पहिली चूक चूल पेटायच्या आधीच झाली. तांदूळ तीन पाण्यांनी धुतला, पाणी नितळ होईस्तोवर. हातालाच सवय आहे ती. भात झाला तो दाणा एकीकडे, पाणी एकीकडे. मासा तव्याला असा चिकटला की कातडी तव्यात आणि मांस उलथन्यावर.

सोमवारी ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगितलं. तो वेर्चेल्लीचा, म्हणजे भातशेतीच्या मुलखातला. आर्बोरियो हे त्याच जिल्ह्यातलं गाव, रिसोट्टोच्या आर्बोरियो तांदळाला नाव त्यावरूनच. (वसंतात मिलानहून तोरिनोच्या गाडीत बसलं की खिडकीबाहेर पाण्याने भरलेली खाचरं लागतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोकणच आठवलं, फक्त मागे बर्फाचे डोंगर.) तो हसला नाही, हळहळला. "सगळी साय सिंकमध्ये ओतलीस की!" रिसोट्टोत क्रीम नसतंच. दाण्यावरची पिठूळ पूड ढवळताना सुटते, तीच त्याची साय. आणि मी तीच धुऊन टाकली होती.

पुढच्या खेपेला भात जमला, पण तो होईपर्यंत मासा गार. तिसऱ्यांदा मात्र वेळ मोजून उभी राहिले.

दोघांसाठी १६० ग्रॅम कार्नारोली, हाही रिसोट्टोचाच तांदूळ. हा आर्बोरियोपेक्षा कमी गळतो. शेजारच्या शेगडीवर भाज्यांचं पाणी उकळतं ठेवलं, गार पाणी पडलं की भात दचकतो. बारीक कांदा लोण्यात, लाल न होऊ देता. मग कोरडा तांदूळ परतायचा, दाणा बोटाला चटका देईपर्यंत. अर्धी वाटी पांढरी वाइन ओतली की चर्र आवाज, आंबूस वाफ थेट नाकात. ती आटली की पळीपळीने पाणी.

बारा मिनिटं झाली आणि दुसरीकडे मासा टाकला. या वेळी कागदाने टिपून अगदी कोरडा केला होता. वर फक्त मीठ. आगळ आणि लाल मसाल्याची बरणी समोर होती, हात शिवशिवत होता, पण आवरलं. तेल चांगलं तापल्यावर कातडी खाली ठेवून उलथन्याने पंधरा सेकंद दाबून धरलं, नाहीतर कातडी आखडून तुकडा वाकतो. मग चार मिनिटं डिवचायचं नाही. सुटायची वेळ झाली की तो आपोआप सुटतो, आपल्या रवा लावलेल्या सुरमईसारखाच. उलटून जेमतेम मिनिटभर. त्याच तव्यात झुकिनीच्या चकत्या आणि फिनोक्कियोचे, म्हणजे बडीशेपेच्या कांद्यासारख्या गड्ड्याचे, काप मोठ्या आचेवर. त्या गड्ड्याला कच्च्या बडीशेपेचा वास येतो, माशाबरोबर तो फार छान लागतो.

सतराव्या मिनिटाला गॅस बंद. गार लोण्याचा तुकडा, लिंबाची किसलेली साल, आणि जोरात घुसळणं. माशाच्या ताटात चीज घालत नाहीत इथे. मी चमचाभर पार्मेझान घातलं आणि कुणाला सांगितलं नाही. ताटली कलती केली तर भात लाटेसारखा सरकला.

आईला फोनवर दाखवला. "आजारी आहेस का गं?" तिचा पहिला प्रश्न. माशाची कातडी मात्र तिने कुरकुर ऐकून पास केली.

उरलेला भात दुसऱ्या दिवशी थापून तव्यावर खरपूस केला. मिलानी लोकही करतात तसा. फक्त मी त्यात लाल मसाला घातला.