भाड्याच्या घरातली बुरशी: फडकं नंतर, आधी ओल शोधा

जुलैत कपाट पुढे ओढलं की मागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात. ते लगेच पुसू नका. ओल कुठून येते यावर दुरुस्ती ठरते आणि खर्च कोणाचा, हेही.

डागाशेजारी रंग शाबूत असेल तिथे फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून ४८ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओलसर झाली तर घरातली वाफ थंड भिंतीवर बसतेय.

पुण्यात पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून असतो. त्या बाजूच्या प्लास्टरच्या भेगा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी आधी तपासा. उन्हाळ्यातही डाग पसरत असेल तर वरच्या फ्लॅटच्या नहाणी ट्रॅपवर, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यावर, संशय घ्या. पेठांतल्या जुन्या घरांत तळाला दिसणारी पांढरी पूड बहुतेकदा लोणा असते. पाण्यात विरघळली तर तो क्षार, बुरशी नव्हे.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाची बाहेरून येणारी गळती आणि सामाईक पाइपांची दुरुस्ती सोसायटीकडे असते. म्हणून तारखेसह फोटो घरमालकाला लेखी पाठवा आणि सोसायटीकडे अर्ज त्यांनाच करायला सांगा. सभासद ते आहेत, भाडेकरू नाही.

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तरच स्वतः साफ करा. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, आतलं दार बंद. कोरडं खरवडलं तर बीजाणू घरभर उडतात, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने भिजवा. टाइल्सवर लिटरभर पाण्यात ६० मिली ब्लीच चालतं. त्यात टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. पुट्टीवर ब्लीच वरवरच राहतं आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं. तिथली पुट्टी प्लास्टरपर्यंत खरवडावीच लागते. फुगलेलं पीओपी तर कापूनच काढा.

ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंग मारून घर दाखवणं मला अजिबात पटत नाही. गळती थांबलेली नसते, पोपडे पुन्हा निघतात आणि डिपॉझिटमधून पैसे भाडेकरूचे कापले जातात. रंगकाम भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच करून घ्या.

वाफेची ओल असेल तर कपाट भिंतीपासून चार इंच दूर ठेवा, घरात कपडे वाळवताना पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर लावा. हायग्रोमीटरवर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा. करार ११ महिन्यांचा असला तरी सही करण्यापूर्वी ओलीच्या जुन्या खुणा त्यात नोंदवून घ्या.